हेडरवरचं कुंकू

नेत्रा सबनीस या मुलीला प्रल्हादराव ओळखत होते असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. मुलाकडे, सुशीलकडे, कावासाकीला ते राहिले तेवढ्या मुक्कामात तिच्याशी त्यांचं जे बोलणं झालं ते बहुतेक लिफ्टमध्ये, नाहीतर इमारतीखालच्या कचऱ्याच्या जाळीपाशी. तिचं लग्न कसं जमलं, तिला भावंडं किती, परदेशात तिचा जीव रमला होता की नाही, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी मात्र ते दिवसभर तिच्या शेजारी बसून होते, आणि त्या दिवशी ती जितकी घाबरली होती तितकं घाबरलेलं माणूस त्यांनी आधी किंवा नंतर पाहिलं नाही. माणूस ओळखायला एवढं पुरतं का, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईची पोरं कॉम्प्युटरच्या कामासाठी जपानला अशी जात होती, जशी पूर्वी शेजारच्या तालुक्याला बदलीवर जात. सुशीलच्या इमारतीत चार-पाच घरं मराठी होती. पुरुष सकाळी स्टेशनकडे धावत, बायका मागे राहत. कुणी जपानी शिकत, कुणी शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवत. नेत्राचा नवरा, स्वप्निल, आठवडाभर ओसाकाला असे आणि शनिवारी यायचा. तेही जमलं तर. तिने मात्र भलतंच काम धरलं होतं. दोन स्टेशनं पलीकडे एक छोटा कारखाना होता, तिथे ती अर्धवेळ जाई.

"इंजिनिअरची बायको, आणि सायलेन्सर रंगवते," सुशीलची बायको सई एकदा जेवताना म्हणाली.

"तू काय करतेस?" सुशीलने विचारलं.

"मी निदान घरात रंगवते. नखं."

प्रल्हादराव हसले नाहीत, कारण त्यांना तेव्हा नेत्राची बाजू घ्यावीशी वाटली होती आणि ती घेण्याइतकी माहिती त्यांच्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी तिलाच विचारलं. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी टाइपरायटरपुढे काढलेला माणूस. परक्या बाईला आपणहून प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नव्हती.

"तुम्ही सायलेन्सरचं काम करता म्हणे?"

"अहो-जाहो नको हो काका. सायलेन्सर नाही, त्याच्या अलीकडचं. इंजिनाचा धूर ज्या नळ्यांतून पहिल्यांदा बाहेर पडतो ना, ते हेडर. आणि त्या धुराच्या जोरावर जे चाक फिरतं, तो टर्बो. गाडी जोरात पळवली की हे सगळं लालभडक तापतं. मग आजूबाजूच्या वायरी, रबरी नळ्या भाजून निघतात. म्हणून त्यावर सिरॅमिकचा लेप द्यायचा. उष्णता आतल्या आत राहते, धुराबरोबर निघून जाते."

"चिनीमातीसारखं?"

"तसंच. पण कपाच्या कडेपेक्षाही पातळ."

चौथा मजला आला म्हणून बोलणं तिथेच थांबलं. पुढे थोडं थोडं करून त्यांना बाकीचं कळलं. चिंचवडला तिच्या वडिलांचं, लक्ष्मणरावांचं, लेथचं छोटं वर्कशॉप होतं. शाळेतून आली की ती तिथेच अभ्यासाला बसे. लोखंडाच्या वासाशिवाय तिला घर वाटत नसे. कावासाकीत सायकलवरून जाताना एका अर्ध्या उघड्या शटरमधून तो वास आला, म्हणून ती उतरली, आणि मोडक्या जपानीत काम मागितलं. मालक ओकुबो-सान साठीचा, एकटा माणूस. कारखान्याच्या वरच राहायचा. परक्या देशाच्या माणसाला त्याने कधी कामावर ठेवलं नव्हतं. त्याने तिच्या हातात एक नळी दिली, आणि तिने ती ज्या रीतीने धरली ते बघून तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

तिचं काम तसं निगुतीचं होतं. आलेला माल आधी भट्टीत नुसताच भाजायचा, म्हणजे त्यात मुरलेलं तेल जळून जातं. मग बंद पेटीत त्यावर वाळूचा जोरदार मारा करायचा, की वरचा सगळा थर जाऊन लोखंड खरखरीत, करडं होतं. नंतर ज्या भागांवर लेप नको, भोकं, जोडाच्या सपाट कडा, ते टेप लावून झाकायचे. लेप ओकुबो-सान स्वतः फवारत, आणि पुन्हा भट्टी. एकदा वाळू मारली की त्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेलसुद्धा त्यात शिरतं, भट्टीत वाफ होऊन वर यायला बघतं आणि लेपाला खालून उचलतं. हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिला दसराही ठाऊक होता, एवढंच.

दसऱ्याला चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये लेथ धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घालत. नुसत्या लेथला नव्हे; त्यात जो जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बांधलेला असेल त्यालाही कुंकू लागे. ज्याचं काम चालू आहे त्याला आधी, असं वडील म्हणायचे. आणि कोरडं कुंकू लोखंडावर ठरत नाही, म्हणून आई ते खोबरेल तेलात कालवून द्यायची. नेत्राने कावासाकीतही तसंच कालवलं. ओकुबो-सान माल पोचवायला बाहेर गेले होते. तिने भट्टीच्या दाराला बोट लावलं, वाळूच्या पेटीला लावलं, फवारणीच्या बंदुकीच्या खुंटीला लावलं. ढकलगाड्यावर एकच हेडर वाळू मारून तयार ठेवलेलं होतं. ज्याचं काम चालू आहे ते. चार नळ्या जिथे एकत्र येतात त्या सांध्यावर तिने कुंकू लावलं आणि हात जोडले.

हात सोडताना तिला पहिल्या दिवशीची ताकीद आठवली. तिने खिशातला रुमाल काढून कुंकू पुसलं. घाईघाईने, चांगलं जोर लावून. लाल रंग गेला. एका टिकलीचं तेल मात्र त्या पुसण्याने तळहाताएवढं पसरलं, हे तिला तेव्हा दिसलं नाही; दिसण्यासारखं ते नव्हतंच. तेवढ्यात ओकुबो-सान आले. त्यांनी बंदूक उचलली. "पुन्हा वाळू मारू या" एवढंच तिने म्हणायचं होतं. पण का, हे त्यांनी विचारलं असतं, आणि कुंकू म्हणजे काय हे सांगायला तिच्यापाशी जपानी शब्द नव्हते. ती गप्प राहिली. हेडर भट्टीतून निघालं ते चंद्रासारखं गुळगुळीत. तिला वाटलं, सुटले.

पंधरवड्याने ते न्यायला गिऱ्हाईक आलं. नागासे-सान, शाळेत भूगोल शिकवणारा चाळिशीचा माणूस. जुनी, बुटकी, दोन माणसांची पिवळी गाडी, तिला टर्बो बसवून घेतलेला. रविवारी डोंगरात गाडी पळवायची हाच त्याचा एक शौक. कागदात गुंडाळलेलं हेडर नेत्राच्या हातून घेताना तो आनंदाने सांगत होता की, या हेडरला जागा नाही म्हणून गाडीतला उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकावा लागला. ब्रेकची नळी आता अगदी जवळून जाते. पण तुमच्या लेपावर माझा भरवसा आहे, येत्या रविवारी डोंगरात नेतोच. नेत्राने वाकून नमस्कार केला. वर उठताना तिला शटर, गाडी, माणूस, काहीच नीट दिसत नव्हतं.

प्रल्हादरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की, कोणत्या वारी कोणता कचरा हे ज्या मुलीने त्यांना शिकवलं, तीच बाटल्यांच्या दिवशी ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन जाळीपाशी उभी आहे. तो त्याच आठवड्यातला शुक्रवार होता.

"आज बाटल्या ना?" ते म्हणाले.

तिने पिशवीकडे पाहिलं. मग ती सायकल-स्टँडच्या कठड्यावर बसली आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनाच का, हे त्यांना कधी कळलं नाही. कदाचित ते कुणाशी बोलत नसत म्हणून.

"बाहेरून काही दिसत नव्हतं, काका. पण तो डोंगर चढेल तेव्हा ते तापेल. लेप सुटला तर नळी भाजेल. आणि उतरताना ब्रेक लागला नाही तर?"

"स्वप्निलला सांगितलंस?"

"तो म्हणेल, काम सोड. आणि तो माणूस तर तिकडे जाणारच ना गाडी घेऊन."

 आपल्याला हे कळलंच नसतं तर बरं होतं, असं प्रल्हादरावांना आधी वाटलं, आणि ते लपवायला ते म्हणाले, "काही होत नाही ग. पुसलंस ना लगेच? मग झालं तर." तिने त्यांच्याकडे अशा आशेने पाहिलं की त्यांना मान फिरवावी लागली. गाडीचं ज्ञान म्हणावं तर त्यांना साधी स्कूटरही येत नव्हती.

शनिवार त्यांनी कसाबसा काढला. खाली रस्त्यावर गाडीचा ब्रेक करकरला की ते खुर्चीतून अर्धे उठत. रविवारी सकाळी सुशील खिडकी उघडून म्हणाला, "काय मस्त ऊन आहे. आज सगळं टोकियो डोंगरात जाणार, पानं लाल झालीत." प्रल्हादरावांनी हातातली बशी खाली ठेवली, चप्पल घातली आणि वरच्या मजल्यावर जाऊन नेत्राची बेल दाबली. न बोलावता त्यांनी कुणाची बेल दाबल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दार तिने लगेच उघडलं. ती बाहेर जायच्या कपड्यांत होती. केव्हापासून होती कोण जाणे.

"चल," ते म्हणाले, "सांगून येऊ."

"तुम्ही याल?"

"मला बोलता येणार नाही. पण येतो."

लोकलमध्ये जागा असूनही ती दाराशीच उभी राहिली. कारखान्याचं शटर बंद होतं. तिने बाजूच्या जिन्याची घंटा लागोपाठ दोनदा वाजवली. ओकुबो-सान जुन्या स्वेटरमध्ये खाली आले. आधी त्यांना वाटलं, म्हातारबुवा तिचे वडील आहेत आणि भेटायला आलेत. ते चहाचं बघायला लागले. नेत्रा उभ्याउभ्याच बोलू लागली. तिचे शब्द संपत, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेवटी तिने पर्समधून करंडा काढला, भंगारातल्या एका नळीवर कुंकू लावलं, रुमालाने पुसलं आणि ती नळी त्यांच्यापुढे धरली.

ओकुबो-सान यांनी नळी उजेडात तिरपी केली. पुसलेल्या जागी तेलाची फिकट झाक होती. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि प्रल्हादरावांना त्याचीच जास्त भीती वाटली. मालक भिंतीवरच्या फोनकडे गेले.

नागासे-सानच्या बायकोने उचलला. ते सकाळीच निघाले, हाकोनेच्या घाटाकडे, असं ती म्हणाली. मोबाईल नुसता वाजत राहिला. ओकुबो-सान यांनी पुन्हा लावला, पुन्हा वाजला. नेत्रा भिंतीला टेकून खाली बसली. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते प्रल्हादरावांना ऐकू आलं नाही. पण आपणही काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी रामरक्षा सुरू केली आणि ती त्यांना मधेच विसरायला झाली. लहानपणापासूनची रामरक्षा.

मग ओकुबो-सान यांना काहीतरी सुचलं. घाटमाथ्यावर एक खानावळ होती, गाड्यांचे शौकीन तिथे नूडल्स खायला थांबत. त्यांनी नंबर शोधून तिथे फोन केला. खानावळीच्या बाईला म्हणाले, पिवळी, बुटकी गाडी दिसली तर काहीही करून अडवा. घाट उतरू देऊ नका. बाई म्हणाली, आज इथे शंभर गाड्या आहेत. ते म्हणाले, तरी बाहेर जाऊन उभ्या राहा. हे सगळं नेत्राने प्रल्हादरावांना कुजबुजत सांगितलं आणि त्यांची बाही धरली. ती तिने नंतर सोडलीच नाही.

ते तिघं फोनकडे बघत बसले.  एकदा फोन वाजला, तर कुणी दुसराच माणूस मोटारसायकलच्या नळीचा भाव विचारत होता. ओकुबो-सान यांनी त्याला नम्रपणे उद्या फोन करायला सांगितलं. फोन ठेवल्यावर ते बसले नाहीत, तिथेच उभे राहिले. लेप त्यांनी स्वतः फवारला होता.

दुसऱ्यांदा वाजला तो खानावळीतून. बोलत होता खुद्द नागासे-सान. त्याला चढतानाच जळकट वास आला होता, पण पुढच्या ट्रकचा असेल असं त्याला वाटलं. जेवून तो उतरायला गाडीत बसला होता, किल्ली फिरवली होती, आणि एक बाई एप्रनसकट त्याच्या गाडीपुढे येऊन उभी राहिली. मग त्याने बॉनेट उघडलं. सांध्यावरचा लेप तळहाताएवढा सुटून पापुद्र्यासारखा लोंबत होता. शेजारच्या ब्रेकच्या नळीचं रबर मऊ पडून फुगलं होतं. त्याने त्याला बोट लावलं, तर ते बोटालाच चिकटून आलं.

ओकुबो-सान फोनवरच, समोर कुणी नसताना, कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. नेत्राला रडू फुटलं ते मात्र त्यांनी फोन ठेवल्यावर.

गाडी उचलून आणायची व्यवस्था झाली. मग ओकुबो-सान यांनी राहिलेला चहा केला. भिंतीवर उंच एक लाकडी फळी होती, तिच्यावर छोटं देऊळ, मीठ, पाण्याची वाटी. तिकडे बोट करून, तिचं आडनाव जपानी वळणाने घेत, ते सकाळपासून पहिल्यांदाच नेत्राशी बोलले.

"साबुनिसु-सान, देव आमचाही आहे. पण तो तिथे बसतो. कामावर बसत नाही."

"हो," ती म्हणाली.

"भट्टीच्या दाराला लावलंस ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं. चांगलं दिसत होतं, म्हणून पुसलं नाही." त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "तेव्हाच विचारायला हवं होतं."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं, असं नेत्रा परत येताना म्हणाली. संध्याकाळी मालकाबरोबर तिला मिठाईचा डबा घेऊन नागासे-सानच्या घरी माफी मागायला जायचं होतं; तिकडची ती रीतच आहे. तिथे काय झालं ते तिने नंतर तुटक सांगितलं. तो दारातच उभा राहिला. ते लाल काय होतं आणि कशासाठी, एवढंच त्याने विचारलं. गाडी सुखरूप राहावी म्हणून लावतात, असं तिने सांगितलं.  त्याची बायको आतून येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती. तिने पुढे होऊन डबा घेतला आणि दार हळूच लावून घेतलं. नवा लेप दिलेलं हेडर न्यायला तो स्वतः आला नाही, कुरिअर पाठवला.

काम तिने सोडलं नाही, आणि सोड असं तिला कुणी म्हटलंही नाही. पण तिच्या अंगात भीती जी शिरली ती बसलीच. कारखान्यातून निघाल्यावर ती स्टेशनपर्यंत येई आणि एखादं भोक झाकायचं राहिलं का म्हणून परत जाई. बातम्यांत रस्त्यावरचा अपघात दाखवला की ती गाडीचा रंग बघे. स्वप्निल ओसाकाहून यायला जरा उशीर झाला की जिन्यात उभी राही. प्रल्हादरावांना हे दिसत होतं. धीर द्यावा असं त्यांना वाटे. पण मागच्या वेळी आपण "काही होत नाही" म्हणालो होतो हे आठवून ते नुसतेच तिच्याबरोबर थोडा वेळ जिन्यात उभे राहत. याचा तिला उपयोग होत होता की अडचण, ते त्यांना सांगता येणार नाही.

व्हिसा संपत आला, परतायचा दिवस उजाडला. सुशील टॅक्सीत बॅगा चढवत होता. नेत्रा कामावर निघाली होती. सायकल हातात धरून ती थांबली. पुढे ते सबनीस कुटुंब दुसऱ्या गावी गेलं, सुशीलही वर्षाने भारतात आला, आणि तिची गाठ पुन्हा पडली नाही. पण ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे निरोपाचं असं कुणी काही बोललं नाही.

"स्वेटर वरच ठेवलात ना, काका? विमानात गार असतं."

"वरच आहे."

"आणि पोचलात की सुशीलला फोन करा. तो मला सांगेल."

"अग, विमान आहे. बसायचं आणि उतरायचं. त्याला फोन कशाला?"

"तरी करा."

"बरं. करतो."